म्हातारचळ नाही, मेंदूचा आजार

खुलताबाद तालुक्यातल्या आम्ही बचत गटाच्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. कुणाच्या हातात निवडायचं सूप असेल, कुणी चुलीपुढं असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडं ठेवा.

आपल्याकडं एक म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. म्हातारं माणूस तेच तेच विचारायला लागलं, पैसे ठेवून विसरायला लागलं, की आपण ही म्हण म्हणतो आणि हसून सोडून देतो. पुढं तेच माणूस रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडतं, पोटच्या लेकाला "तू कोण रं?" म्हणून विचारतं, तेव्हा हसू थांबतं. मग कुणी म्हणतं चळ लागला, कुणी म्हणतं बाहेरचं झालं, कुणी म्हणतं करणी केली. आणि एक गोष्ट तर आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. सासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सून मला जेवायला देत नाही." सुनेनं तासाभरापूर्वीच ताट वाढलेलं असतं, सासूबाईंनी भाकरी चुरून पोटभर खाल्लेली असते. पण जेवल्याची आठवणच मेंदूत उरलेली नसते. सासू खोटं बोलत नाही. सून उपाशी ठेवत नाही. तरी गावात नाव मात्र सुनेचं खराब होतं.

म्हणून आज हा विषय घेतला. हे का होतं, मेंदूच्या आत नेमकं काय बिघडतं, आणि आपण काय करू शकतो, ते सांगतो. थोडं विज्ञान येईल, पण घाबरू नका. आपल्या स्वयंपाकघरात जे रोज घडतं, त्याच्यापेक्षा ते फार वेगळं नाही.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे इतकं बारीक घर, की डोळ्यांना दिसत नाही. या घरात कामं करतात ती प्रथिनं. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे आठवतात. ते बरोबरच आहे. पण आपण डाळ खातो तेव्हा डाळीतलं प्रथिन जसंच्या तसं अंगात जाऊन बसत नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे मणी मणी सुटे होतात. त्या सुट्या मण्यांतून प्रत्येक पेशी आपल्याला हवं ते प्रथिन नव्यानं ओवते. जुनी माळ तोडून तिच्याच मण्यांची दुसरी माळ करावी तसं.

माळ ओवून झाली तरी काम संपत नाही. तिची घडी पडावी लागते. नऊवारी साडी नुसती लांब पसरलेली असली तर ती नेसता येत नाही. निऱ्या नीट पडल्या, कासोटा बसला, तरच त्या साडीत शेतात वाकून काम करता येतं. प्रथिनाचंही तेच आहे. ठरलेल्या जागी वळण, ठरलेल्या जागी मुडप, अशी घडी बसली की ते कामाला लागतं. एखादं ऑक्सिजन वाहून नेतं, एखादं अन्न पचवतं, एखादं एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. घडी चुकली तर काम होत नाही. कधी कधी तर ते घातकही ठरतं.

घडी चुकू नये म्हणून पेशीत मदतनीस प्रथिनं असतात. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत पाठराखीण जाते ना? ती नवरीच्या आजूबाजूला असते, चार नवख्या माणसांत तिला गोंधळू देत नाही आणि काम झालं की आपल्या घरी परत येते. पेशीतली ही मदतनीस प्रथिनंही नव्या प्रथिनाची घडी बसेपर्यंत त्याची पाठराखण करतात, भलत्याच प्रथिनाला चिकटू देत नाहीत. अंगात ताप चढला किंवा पेशीला कसला त्रास झाला, की पेशी अशा पाठराखिणींची संख्या वाढवते. आणि एवढं करूनही घडी चुकलीच, तर ते प्रथिन मोडून टाकायची व्यवस्था पेशीतच असते. पेशी आपला कचरा स्वतःच मोडते आणि त्यातले मणी पुन्हा वापरते. ती हे कसं करते याचा शोध लावल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं.

मग बिघडतं कुठं? वय वाढतं तशा पाठराखिणी थकतात आणि झाडलोटही ढिली पडते. चुकलेल्या घडीची प्रथिनं साचायला लागतात. कातडीच्या जुन्या पेशी गळून जातात, नव्या येतात, त्यांच्याबरोबर कचराही जातो. मेंदूच्या पेशींचं तसं नाही. आपल्या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जन्मभर त्याच राहतात. एकाच घरात सत्तर-ऐंशी वर्षं राहायचं आणि झाडलोट बंद पडायला आलेली, मग घराचं काय होईल ते सांगायला नको.

साचलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. अंड्यातला पांढरा बलक कच्चा असतो तेव्हा पातळ आणि पारदर्शक असतो. तव्यावर टाकला की घट्ट पांढरा होतो. आता तो कितीही गार केला तरी पुन्हा पातळ होत नाही. बलकातली प्रथिनं उष्णतेनं उलगडली आणि एकमेकांत गुंतली. मेंदूत उष्णतेचं काम नाही, तिथं हे फार हळू, वर्षानुवर्षं चालतं, पण गुंतणं तसंच. आणखी एक वाईट गुण असा, की एक चुकलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखी चुकीची घडी घालायला लावतं. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसं. विरजणाचं काम सूक्ष्म जीव करतात आणि इथं कुठलाही जीव नाही, एवढा फरक लक्षात ठेवा. म्हणूनच हा आजार एका ताटात जेवल्यानं, एका खोलीत झोपल्यानं, अंघोळ घातल्यानं दुसऱ्याला लागत नाही. आजीच्या जवळ नातवंडांना बसू द्या.

हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं, ती गोष्टही एका बाईचीच आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९०१ साली ऑगुस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्यानं दवाखान्यात आणलं. ती वस्तू कुठंही ठेवायची, नवऱ्यावर संशय घ्यायची, स्वतःचं नाव लिहिता लिहिता अडखळायची. तिथल्या डॉक्टरांचं नाव अलॉइस अल्झायमर. ते तिच्याशी तासन्‌तास बोलले आणि तिचं बोलणं लिहून ठेवलं. १९०६ साली ती वारली. त्यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पेशींच्या बाहेर गाठोड्यासारखे डाग होते आणि पेशींच्या आत दोऱ्यांचा गुंता होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सांगितलं, पण तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आज त्यांचंच नाव या आजाराला आहे, अल्झायमर. बाहेरचे डाग अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि आतला गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे नंतर कळलं. स्मृतिभ्रंशाची कारणं अनेक आहेत, त्यात सगळ्यांत जास्त आढळणारं कारण अल्झायमर.

दुसरा आजार म्हणजे कंपवात, डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचं वर्णन लिहिलं, पण आपल्या वैद्यांना कंपवात त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. यात मेंदूच्या खोल भागातल्या पेशी मरतात. या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल सहज होते. मरणाऱ्या पेशींमध्ये अल्फा-सायन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात.

या प्रथिनावरचं मोठं काम आपल्याच महाराष्ट्रात झालेलं आहे. मुंबईला पवईत आयआयटी आहे. तिथं प्राध्यापक समीर माजी आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं या गुठळ्यांच्या मागे लागलेले आहेत. २०२० साली त्यांनी दाखवून दिलं, की हे प्रथिन एकदम गुठळी होत नाही. आधी त्याचे पातळ थेंब होतात, आमटीवर तेलाचे डोळे तरंगतात तसे. हे थेंब एकमेकांत मिसळतात, हलतात, म्हणजे अजून पातळच असतात. पुढं हळूहळू ते घट्ट होत जातात आणि त्यातूनच कडक धागे तयार होतात. आपण गुळाचा पाक करतो तेव्हा आधी तो वाहता असतो, मग चिकट होतो, मग पाण्यात टाकला की गोळी होते. गोळी झाल्यावर वड्या थापायला हात लावावा लागतो, उशीर झाला की कढईलाच चिकटतो. पेशीतही काही थेंब कामाचे असतात, पेशी ते मुद्दाम करते आणि विरघळवतेही. बिघाड होतो तो थेंब घट्ट व्हायला लागल्यावर. म्हणून शास्त्रज्ञ आता विचारतात, थेंब पातळ आहे तोवरच त्याला थांबवता येईल का? यावर औषध अजून हातात आलेलं नाही, पण कुठल्या टप्प्यावर अडवायचं ते कळत चाललं आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. भारतात ६० वर्षांवरच्या माणसांत स्मृतिभ्रंश किती आहे, याची देशभर पाहणी झाली. २०२३ साली तिचा निष्कर्ष आला. शंभरात सात-साडेसात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे आजार जास्त आपल्याला, आणि आजाऱ्याची सेवा करायची तीही आपणच.

मग ओळखायचं कसं? विसरणं सगळ्यांनाच असतं. मिठाचा डबा कुठं ठेवला ते विसरलं, नंतर आठवलं, हे वयाचं विसरणं. पण चाळीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईला आधी डाळ शिजवायची की गूळ घालायचा तेच कळेना, मळलेली वाट चुकायला लागली, किराणा घेताना पैशाचा हिशेब जमेना, बोलताना साधे शब्द सापडेनात, शांत माणूस संशयी झालं आणि हे सहा महिने, वर्षभर वाढतच चाललं, तर ते वयाचं नाही.

आमच्या कितीतरी आज्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांना आजची तारीख काय, शंभरातून सात गेले किती, असं विचारलं तर त्यांना आधीही सांगता आलं नसतं. हे ओळखूनच हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९०च्या दशकात न शिकलेल्या माणसांसाठी वेगळी तपासणी बसवली गेली. आपणही तसंच विचारायचं. आज बाजाराचा वार आहे का? आता कुठला सण गेला? शेतात सध्या काय उभं आहे? थोरल्या लेकीची सासरवाडी कुठली? जे तिला कालपर्यंत ठाऊक होतं ते आज ठाऊक आहे का, हे बघायचं.

कंपवाताच्या खुणा वेगळ्या. एका हाताला कंप सुटतो, तोही हात नुसता मांडीवर असताना जास्त. चालताना एक हात हलत नाही, पावलं बारीक पडतात, वळताना तोल जातो. भाकरी थापायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, चेहरा रुसल्यासारखा स्थिर होतो, आवाज बारीक होतो. काही जणांना याच्या कित्येक वर्षं आधी फोडणीचा वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडतं, झोपेत हातपाय झाडायची सवय लागते. एवढ्यानं कंपवातच आहे असं होत नाही, पण तपासणीला जाताना हे डॉक्टरांना सांगा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. विसरणारं प्रत्येक माणूस अल्झायमरचं नसतं. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलं, पडल्यामुळं डोक्यात रक्त साकळलं, झोपेच्या किंवा दुसऱ्या काही गोळ्या जास्त झाल्या, तरी माणूस असंच वागतं. आणि यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. ब-१२ दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं. आपल्या घरात म्हातारीच्या वाट्याला कोरी भाकर आणि चटणी येत असेल, तर तिला ब-१२ कुठून मिळणार? रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं. म्हणून "आता वय झालं, काय दवाखाना करायचा" असं म्हणून घरी बसवू नका. आधी जे बरं होण्यासारखं आहे ते शोधू द्या.

जायचं कुठं? पहिली आपली आशाताई. ती तिशीवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे, जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? हा प्रश्न आशाताईनं तुमच्या समोर, आजीला विचारून भरावा असा आग्रह धरा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, खुलताबादचं ग्रामीण रुग्णालय आणि पुढं छत्रपती संभाजीनगरला घाटी. घाटीत मेडिसिनचा आणि मानसोपचाराचा, दोन्ही विभाग आहेत. मानसोपचार म्हटलं की "आमची आजी काय वेडी आहे का" असा राग येऊ देऊ नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. कधीपासून काय बदललं ते शिकलेल्या पोरीकडून कागदावर उतरवून घ्या. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, तिथं मानसिक आरोग्याबद्दल फुकट सल्ला मिळतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. हे दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

औषधांचं खरं ते सांगतो. अल्झायमर मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही जणांना थोडा काळ बरं वाटतं. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत मेंदूतलं अमायलॉइड काढून टाकणारी इंजेक्शनं मिळू लागली आहेत. त्यांनी आजाराची चाल थोडी मंदावते, पण ती फार महाग आहेत, अगदी सुरुवातीच्या रुग्णांनाच देतात आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तेव्हा "पंधरा दिवसांत स्मरणशक्ती परत" असं सांगून कुणी चूर्ण विकायला दारात आलं, तर गटाचे पैसे त्याच्या हातात जाऊ देऊ नका.

कंपवाताचं तसं नाही. त्यावर लेव्होडोपा हे चांगलं औषध आहे. गेलेल्या पेशी ते परत आणत नाही, पण कमी पडलेलं डोपामिन भरून काढतं आणि माणूस बरीच वर्षं हिंडतं फिरतं राहतं. ही गोळी डॉक्टर बहुधा जेवणाआधी घ्यायला सांगतात, कारण वरण, अंडी, दूध यांतल्या प्रथिनांचे मणी आणि ही गोळी आतड्यातून एकाच दारानं आत शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून वेळ पाळायची, पण वरण-दूध बंद करायचं नाही. डाळ खाल्ल्यानं मेंदूत गुठळ्या होत नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेवा.

कंपवातावरचं आणखी एक औषध आपल्या रानातलं आहे. खाजकुयली. डोंगरात गेलं की जिच्या शेंगेची लव अंगाला लागून जीव नकोसा होतो, तीच. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, हे १९३७ साली भारतातल्याच दोन शास्त्रज्ञांनी, दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं. मुंबईचे डॉक्टर अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांवर तिचा उपयोग तपासून प्रसिद्ध केला. आपल्या जुन्या वैद्यकात तथ्य होतं, याचा आनंद आहेच. पण म्हणून उद्या बिया कुटून कुणाला देऊ नका. एका बीत औषध किती, ते घरी कळत नाही. जास्त झालं तर उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, भास होतात. गोळी चालू असताना वर बीही दिली तर दुप्पट मात्रा होते.

कंपवाताच्या माणसाला हालचाल हेही औषधच आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं रुग्ण आणि त्यांच्या घरचे नियमानं भेटतात, एकमेकांना आधार देतात. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. पाय अडखळतो, पण तालावर तोच पाय उचलला जातो. आपल्याकडं तर टाळ आहे, भजन आहे, फुगडीचा ठेका आहे. कंपवाताच्या आजीला भजनात बसवा, टाळ हातात द्या, तालावर चार पावलं चालवा. आणि एक कागदाचं काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे. त्रास ठरलेल्या टक्क्यांपर्यंत गेला असेल तर प्रमाणपत्र मिळतं. ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयात विचारा.

आजार टाळता येतो का? काही भाग वयाचा आणि रक्ताचा, त्याला इलाज नाही. पण २०२४ साली जगातल्या तज्ज्ञांच्या एका मंडळानं लॅन्सेट या नामांकित साप्ताहिकात सांगितलं, की चौदा गोष्टी सांभाळल्या तर स्मृतिभ्रंशाच्या शंभर रुग्णांपैकी जवळजवळ पंचेचाळीस टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. त्यातल्या आपल्या कामाच्या बघा. बीपी आणि साखर ताब्यात ठेवा. विडी-सिगारेट आणि दारू घरातून काढा. गाडीवर मागे बसलात तरी हेल्मेट घाला, डोक्याला मार बसू देऊ नका. चुलीचा धूर कमी करा, खिडकी-धुराडं ठेवा, जमेल तेवढा गॅस वापरा. कान कमी ऐकू येत असेल तर मशीन लावा, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या, कारण ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याचा मेंदू रिकामा बसतो. म्हातारीला एकटं कोपऱ्यात टाकू नका. आणि त्या यादीत एक गोष्ट अशी आहे की ती लहानपणीच करायची असते, ती म्हणजे शिक्षण. कमी शिकलेल्यांना हा आजार जास्त होतो. आपण आज लेकीची शाळा सातवीत सोडवतो, तेव्हा तिच्या म्हातारपणावरही घाला घालतो.

शेतातली एक गोष्ट. अमेरिकेत शेतकऱ्यांचा आणि फवारणी करणाऱ्यांचा मोठा अभ्यास झाला. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये कंपवात सुमारे अडीचपट आढळला. युरोपात पॅराक्वाटवर २००७ पासून बंदी आहे. आपल्या कपाशीत आणि मक्यात फवारणी पुरुष करतात, पण पाणी आणून देणारी, औषध कालवणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी बाईच असते. उघड्या हातानं औषध कालवू नका, वाऱ्याच्या दिशेला उभ्या राहू नका, फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत टाकू नका, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल, दाणे काही भरू नका.

आता ज्यांच्या घरी हा आजार आलेलाच आहे, त्यांच्यासाठी. वाद घालू नका. आजी म्हणाली, "मला माझ्या माहेरी जायचंय, आई वाट बघती," तर "तुमची आई मरून तीस वर्षं झाली" असं सांगू नका. ती बातमी तिला दर वेळी नवी असते, दर वेळी ती नव्यानं रडते. "माहेरी काय काय होतं हो?" असं विचारा, बोलण्यात गुंतवा. अंघोळ, जेवण, झोप रोज एकाच वेळी ठेवा. विहीर, हौद, चूल, औषधाचे डबे यांच्याकडं लक्ष ठेवा. रात्री दाराला वरच्या बाजूला कडी लावा. घास बारीक द्या, बसवून द्या, निजवून पाणी पाजू नका. हातून होईल तेवढं काम देत राहा. शेंगा सोलणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या घालणं. चुकलं तरी चालेल.

आपल्या तालुक्यात वर्षभर गर्दी असते. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला, महाशिवरात्रीला वेरूळला, दर्ग्याच्या उरुसाला. अशा गर्दीत हात सुटला तर विसरणाऱ्या माणसाला आपलं गावही सांगता येत नाही. म्हणून पदराला किंवा पोलक्याच्या आत एक कापडी पट्टी शिवून टाका, त्यावर नाव, गाव आणि घरातला मोबाइल नंबर लिहा. गर्दीत कुणी गोंधळलेली आजी दिसली, तर बाजूला सावलीत बसवा, पाणी द्या, पट्टी आहे का बघा आणि बंदोबस्ताच्या पोलिसांकडं न्या.

आणि कुणाच्या घरी असं माणूस असेल आणि बाहेरचं झालं म्हणून त्याला बांधतात, मारतात, धुरी देतात, उपाशी ठेवतात असं कळलं, तर गप्प बसू नका. भूत काढायच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. देवाला नवस करा, दर्ग्यावर चादर चढवा, श्रद्धेला आमची ना नाही. पण चुकलेल्या घडीचं प्रथिन मारानं सुटत नाही. मार बसतो तो आधीच घाबरलेल्या माणसाला.

शेवटी सेवा करणाऱ्या बाईबद्दल. दिवस-रात्र डोळ्यात तेल घालून बसणारी सून किंवा लेकही माणूसच आहे. तिला झोप मिळत नाही, शेताला जाता येत नाही, मजुरी बुडते, आणि वरून गाव बोल लावतं. हे काम एकट्या बाईचं नाही. घरातल्या पुरुषांनी वाटा उचलला पाहिजे. वडलांना अंघोळ घालायला लेकाला लाज कसली? आणि आपल्या गटानं काय करायचं, तर येत्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की एक प्रश्न विचारा, आपल्यापैकी कुणाच्या घरी असं माणूस आहे? जिच्या घरी असेल तिच्याकडं आठवड्यातून एकदा दोघींनी दोन तास जाऊन बसायचं. त्या दोन तासांत ती बाजारात जाईल, अंगावरून पाणी घेईल, नाहीतर नुसती झोपेल. दहा बायांच्या गटात प्रत्येकीची पाळी पाच आठवड्यांनी येते. एवढं कुणालाही जमतं.

आणि यापुढं कुठली सासू ओट्यावरून म्हणाली, की सून जेवायला देत नाही, तर लगेच पुढच्या दारी ती गोष्ट नेऊ नका. आत जा, सुनेला विचारा, "काय गं, कधीपासून असं होतंय?" आणि आशाताईला बोलवा.

आमचं आजचं बोलणं इथंच थांबवतो. बायांनो, काळजी घ्या, एकमेकींना धरून राहा.